झाकणाला चिकटवलेली फिल्म

त्या सकाळी इन्क्युबेटरमधून प्लेट्स काढून उजेडाकडे धरल्या आणि मी शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मुलीला हाक मारली, "अगं, हातातलं ठेव आणि आधी हे बघ." आगरवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, ई. कोलाय या जंतूंचा दुधट थर सगळीकडे वाढला होता, पण मधोमध रुपयाएवढी जागा अगदी स्वच्छ. आणि आमच्या फिल्मचा तुकडा आगरला लागलेलाही नव्हता! तो झाकणाच्या आतून चिकटवला होता. मधल्या हवेतून पोचली ती नुसती ओव्याच्या तेलाची वाफ. तेल न घातलेल्या फिल्मच्या प्लेटवर मात्र जंतूंचा थर सलग होता.

ही फिल्म म्हणजे पदार्थाला गुंडाळायचं आणि त्याच्याबरोबरच खायचं वेष्टन. आम्ही ती सोडियम अल्जिनेटपासून करतो. हे अल्जिनेट तपकिरी समुद्री शेवाळातून मिळतं. कोमट पाण्यात ते ढवळून विरघळवायचं, फिल्म कडकडीत होऊन तुटू नये म्हणून ग्लिसरॉल घालायचं, मग तेल आणि ते पाण्यात मिसळून राहावं म्हणून लेसिथिन. सगळं एकजीव करणाऱ्या होमोजिनायझरमधून काढलं की बुडबुडे व्हॅक्यूमखाली घालवायचे आणि मिश्रण सपाट ताटात ओतून ४० अंशांवर वाळवायचं. सोललेली फिल्म कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यातून काढली, की ती ओल्या पदार्थावरही विरघळत नाही. वाळताना तेल उडतं, ही यातली खरी डोकेदुखी. ओतलं तेवढं तेल फिल्ममध्ये कधीच उरत नाही.

कायटोसॅनची फिल्म जंतूंविरुद्ध स्वतःच चांगली लढते. पण कायटोसॅन बहुतेक कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात. उपवासाला पनीर खाणाऱ्या घरात ते कसं द्यायचं? माझ्या मते हा प्रश्न ताकद मोजण्याच्या आधी विचारायचा असतो.

ओवा निवडण्यामागेही कारण होतं. कॅलिफोर्नियात अल्बनी इथल्या अमेरिकन कृषी खात्याच्या प्रयोगशाळेतल्या टॅरा मॅकह्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली सफरचंदाच्या गराच्या फिल्ममध्ये ओरेगानो, दालचिनी आणि लेमनग्रास म्हणजे गवती चहाचं तेल घालून पाहिलं. ई. कोलायविरुद्ध ओरेगानो सर्वांत प्रभावी ठरलं. ओरेगानोतलं कार्व्हाक्रॉल आणि आपल्या ओव्यातलं थायमॉल यांचं रेणुसूत्र एकच, रचनेत थोडासा फरक. दोन्ही जंतूच्या पेशीचं आवरण सैल करतात आणि आतला माल बाहेर झिरपू लागतो. मग परदेशी पाल्याच्या मागे कशाला लागायचं? ओवा आपल्या प्रत्येक मिसळणाच्या डब्याशेजारी असतोच.

दुपारी या फिल्ममध्ये गुंडाळलेल्या पनीरची चव घ्यायची होती. ते पनीर अर्थातच जंतूंच्या खोलीपासून दूर, वेगळ्या स्वयंपाकघरात ठेवलं होतं. ज्यांच्या डेअरीसाठी हे काम चाललं होतं ते काका स्वतः आले होते. त्यांचं पनीर फ्रिजमध्येही आठवडाभरात वरून चिकट व्हायचं आणि परत यायचं. सकाळच्या प्लेट्स दाखवल्या तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि म्हणाले, "मॅडम, पोट दुखत असलं तर खाईन. पालक पनीरात नाही चालायचं."

काकांचं म्हणणं बरोबर होतं आणि त्याचं कारण पनीरमध्येच आहे. आगरवर जेवढ्या तेलाने काम भागतं, तेवढ्याने पनीरवर भागत नाही. पनीरमधलं फॅट आणि प्रथिनं तेल स्वतःकडे ओढून घेतात, जंतूंसाठी थोडंच मोकळं राहतं. म्हणून मात्रा वाढवावी लागते, आणि वाढवली की जीभ तक्रार करते. प्लेटवरच्या मोठ्या वर्तुळाचे फोटो पाहून खूश होणाऱ्या प्रत्येकाने सोबत चवीचा तक्ताही मागावा, असं मला मनापासून वाटतं.

वाट दाखवली ती आमच्या कॅन्टीनच्या मावशींनी. चव घेणाऱ्यांत त्याही होत्या. "टिक्क्याला मी ओवा चोळतेच की," त्या म्हणाल्या. "दही, तिखट, बेसन लावलं की हा वास हवाच असतो." काकांनी लगेच विचारलं, "वरचा पापुद्रा काढायला लागेल?" नाही लागणार. मावशींनी तिथेच मसाला कालवला, फिल्मसकट तुकडे त्यात बुडवले आणि तव्यावर परतले. मसाला फिल्मला धरून राहिला, आणि फिल्म दाताखाली जाणवलीसुद्धा नाही. काकांनी दुसरा तुकडा मागून घेतला.

मग कागद-पेन घेऊन बसलो. साध्या पनीरचा नाद सोडायचा, टिक्क्यासाठी कापलेल्या तुकड्यांचं वेगळं पाकीट करायचं. वाफही काम करते हे सकाळीच दिसलं होतं, त्यामुळे प्रत्येक तुकडा चारी बाजूंनी गुंडाळायची गरज नाही. दोन थरांच्या मधे एक फिल्म ठेवून पाहायची. त्यात तेल कमी लागेल, आणि सगळ्या घटकांत महाग तेच. बाहेरची पिशवी राहणारच. खायच्या फिल्मला धूळ आणि हात लागून चालत नाही, आणि हे मी काकांना स्पष्ट सांगितलं. घटकांच्या यादीत अल्जिनेट आणि ओव्याचं तेल छापायचं, तेही ठरलं. फ्रिजमधली टिकाऊपणाची चाचणी अजून बाकी होती. काकांनी डेअरीत फोन लावून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या घाण्यातलं पनीर आमच्यासाठी बाजूला ठेवायला सांगितलं.