आल्फ्रेडचा चिखलातला गड

कोल्हापूरकराला गड म्हटलं की पन्हाळा दिसतो. त्यामुळं दक्षिण इंग्लंडातल्या वेसेक्स राज्याचा राजा आल्फ्रेड 878 साली डेन लोकांपासून, म्हणजे व्हायकिंगांपासून, वाचायला सपाट चिखलात शिरला, हे आधी पटत नाही. पण 2019 चा महापूर आठवा. प्रयाग चिखली-आंबेवाडीला जायचं तर बोट, नाहीतर गुऱ्हाळाची काहील. परका माणूस त्या पाण्यात उतरला तर बांध कुठं, विहीर कुठं, ओढा कुठं, काही कळायचं नाही.

आल्फ्रेड शिरला ती सॉमरसेटची दलदल हिवाळ्यात अशीच भरायची. पॅरेट आणि टोन या नद्यांना उतार जवळजवळ नाहीच. त्यात ब्रिस्टलच्या आखातातली भरती जगातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी एक. भरती चढली की नदीचं पाणी मागं तुंबतं. कृष्णेच्या फुगवट्यानं पंचगंगा अडते, तसंच हे.

जानेवारीत डेनांचा राजा गुथ्रमनं वेसेक्समधलं चिपनहॅम अचानक घेतलं. हिवाळ्यात सहसा कुणी मोहीम काढत नसे, तिथंच वेसेक्स फसलं. आल्फ्रेड मोजकी माणसं घेऊन निसटला. खायला काय, तर धाड घालून आणलेलं. त्याचा चरित्रकार अ‍ॅसर स्पष्ट लिहितो, की धाडी डेनांवर पडत आणि त्यांना शरण गेलेल्या आपल्याच लोकांवरही. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लपून राहिलेल्या आल्फ्रेडच्या हातून भाकरी करपल्याची प्रसिद्ध गोष्ट मात्र शंभरेक वर्षांनंतरच्या संतचरित्रातली. तिच्यावर विसंबू नये.

ईस्टरला, म्हणजे 23 मार्चच्या सुमारास, त्यानं अ‍ॅथेल्नी बेटावर गढी उभारली. बेट म्हणजे दलदलीतून वर आलेला एक बुटका उंचवटा. जायला होडी, किंवा पुढं बांधलेला लांब पूल. पुलाच्या पश्चिम टोकाला लिंग इथं दुसरी गढी. या लिंगचा हिशोब टिकून आहे. दहाव्या शतकाच्या सुरुवातीच्या गढ्यांच्या यादीत त्याच्या नावावर 100 हाइड (जमीन मोजायचं तेव्हाचं एकक) जमीन आहे. एका हाइडमागं एक माणूस, आणि साडेसोळा फूट तटाला चार माणसं. म्हणजे 100 माणसांत साधारण 412 फूट, 126 मीटर तट. एवढ्यात भागतं, कारण बाकीचं काम पाणी करतं. घोडी चिखलात रुततात, छावणीला कोरडी जागा नाही, वेढा घालायचा तरी कुठं बसून?

धोका समुद्राकडून होता. पॅरेटमधून भरतीबरोबर जहाजं आत येऊ शकत होती. त्याच हिवाळ्यात 23 जहाजांची डेन टोळी डेव्हनच्या किनाऱ्यावर उतरली. तिथल्या लोकांनी ती कापून काढली आणि आल्फ्रेडची पाठ वाचली.

दुसरी अडचण ऋतूची. उन्हाळा लागला की पाणी ओसरतं आणि आसरा उघडा पडतो. मे महिन्यात, ईस्टरनंतरच्या सातव्या आठवड्यात, तो बाहेर पडला, आणि माझ्या मते वेळ अगदी बरोबर साधली. एगबर्टच्या शिळेपाशी सॉमरसेट, विल्टशर आणि हँपशरच्या काही भागातले लोक जमले. ठरल्या दिवशी ते आले, यावरून अ‍ॅथेल्नीहून निरोप आधीपासून जात-येत होते हे उघड आहे. दोन दिवसांत एडिंग्टनला लढाई झाली, मग डेनांच्या तळाला चौदा दिवस वेढा. भूक आणि थंडीनं गुथ्रम नमला.

तीन आठवड्यांनी तो तीसेक निवडक सरदारांसह अ‍ॅलरला आला. हे गाव अ‍ॅथेल्नीच्या जवळच, त्याच पाणथळ मुलखात. तिथं त्याचा बाप्तिस्मा झाला. धर्मपिता स्वतः आल्फ्रेड, आणि नवं नाव अ‍ॅथेलस्टन.