टेकडी सोडून पेठेत का आलात?

पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या पायथ्याचं, मोरांचा आवाज येणारं घर सोडून दोन लहान मुलांना घेऊन नारायण पेठेत का आलात, हे मला नणंदेपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. चालू सरकारी नोकरीचा राजीनामा देणाऱ्याकडे लोक बघतात तसे माझ्याकडे बघतात. काही जण तर मलाच समजावतात, की झाडांजवळ राहिलं की लहान मुलांच्या आईबापांचा ताण कमी होतो, संशोधन आहे म्हणे. आहे ना. टेकडीखालच्या पंचवटीतलं ते घर घेताना नवऱ्याला हेच संशोधन मी वाचून दाखवलं होतं. कर्जाचा हप्ता ऐकून तो गप्प झाला, तर मी त्याला रॉजर उलरिच नावाच्या संशोधकाचा अभ्यास ऐकवला.

उलरिचने 1984 साली पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, आणि त्यांना जोरकस वेदनाशामकंही कमी लागली. छानच अभ्यास आहे. फक्त त्या रुग्णांच्या मांडीवर कोणी पोटात कळा येऊन रडणारं बाळ ठेवलेलं नव्हतं, आणि त्यांनी बेल वाजवली की नर्स येत होती.

2019 मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे 20,000 लोकांच्या माहितीवरून असं दिसलं, की आठवड्याला किमान 120 मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांची तब्येत आणि मनःस्थिती इतरांपेक्षा बरी असते. सलग घालवा, नाहीतर थोडीथोडी. ‘थोडीथोडी’ वाचून मी तेव्हा खूश झाले होते. आता वाचते तेव्हा पहिला प्रश्न पडतो, की तेवढा वेळ यांची मुलं कोणाकडे होती? आणि मुळात ज्यांचं बरं चाललेलं असतं तेच फिरायला बाहेर पडत असतील, हेही आहेच.

शहरांसाठी 3-30-300 असाही एक नियम आहे. घरातून 3 झाडं दिसावीत, वस्तीवर 30 टक्के झाडांचं छत्र असावं, 300 मीटरच्या आत बाग असावी. मधला आकडा मी मोजायला गेले नाही, पण बाकी दोन्हीत आमचं घर पहिल्या नंबराने पास. बाग रस्त्यापलीकडे, टेकडीची वाट तिच्या मागून. माझी तक्रार अंतराबद्दल कधी नव्हतीच. बाळ कधी रडतं ते कोणी मोजत नाही, एवढंच म्हणणं आहे.

आमचं दुपारी रडायचं.

2024 च्या मार्चमधली ती दुपार. धाकटा आठ महिन्यांचा, दात येत होते, बारा वाजल्यापासून थांबला नव्हता. थोरली साडेतीन वर्षांची, तिला सुट्टी. नवरा ऑफिसात, मजल्यावरचे दोन्ही फ्लॅट सकाळी कुलूप लावून जाणाऱ्यांचे. दीडच्या सुमाराला मला घरात श्वास घेता येईना. धाकट्याला कॅरियरमध्ये बांधलं, थोरलीच्या पायात चपला सरकवल्या आणि खाली उतरले. बाग बंद. दुपारी ती बंदच असायची. (एक ते चारचा विनोद तुम्ही करायच्या आत मीच करून टाकते, झाला.) फाटकाच्या गजांतून झोपाळा दिसत होता, चिंचेखाली सतरंजी टाकून वॉचमनकाका डबा खात होते. म्हटलं, काका, दहा मिनिटं सावलीत बसते, मुलं आहेत. ते म्हणाले, “मॅडम, एकाला सोडलं की सगळे येतात.” रस्त्यावर आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. त्यांच्याशी मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. बाग कुठली तेही लिहीत नाही; नियम त्यांनी केलेला नव्हता.

मग टेकडीकडे वळले. टेकडीला फाटक नाही. पण मार्चमध्ये टेकडीवर सावली कुठे असते? जिकडेतिकडे गिरिपुष्पाची लागवड, आणि ते तेव्हा पानं गाळून गुलाबी फुलांवर आलेलं असतं. फोटोला उत्तम, बाळाच्या डोक्याला निरुपयोगी. शंभर पावलांत थोरली खाली बसली. वर चार कुत्री उठून उभी राहिली. एक आजोबा काठी टेकत उतरत होते, थांबून म्हणाले, “अशा उन्हात पोरांना घेऊन येतं का कोणी? आणि एकटीदुकटीने या वेळी येऊ नये इथे.” त्यांचं एकही वाक्य चूक नव्हतं. मी तिथेच धुळीत बसले आणि रडायला लागले, आवाज न करता, निदान मला तसं वाटत होतं. थोरली उठून जवळ आली, धाकट्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाली, “गप रे, नाहीतर आई अजून रडेल.”

‘अजून’ म्हणाली. म्हणजे आधीचंही तिने पाहिलेलं होतं. खिडकीकडे तोंड करून, मोराकडे बघत रडत असे तेव्हाचं.

जूनमध्ये आम्ही इथे आलो. मावशी दोन इमारती सोडून राहते, आणि समोरच्या दारातल्या आजी दुपारी झोपत नाहीत. बाळ रडलं की त्या विचारत नाहीत, येऊन उचलून नेतात. कपाळाला काय काय लावतात, मी बघत नाही. खिडकीतून दिसतं ते समोरच्यांचं धुणं आणि एक पिंपळ, तोही भिंतीतून उगवलेला. माझा ताण इथे उतरला, हे माझं उत्तर.

आता जे सहसा सांगत नाही ते. पंचवटीत असताना सकाळी सहाला मुलं नवऱ्याकडे सोडून मी टेकडीवर जायचे आणि त्या पाऊण तासात मला खरंच बरं वाटायचं. तसं इथे एकदाही वाटलेलं नाही. आता मी म्हणते, ते झाडांमुळे नव्हतं, एकटेपणा मिळाला म्हणून होतं. त्यावर तेव्हाची मी विचारते, एकटी तर तू बाथरूममध्येही असायचीस, कडी लावून, नळ सोडून. तिथे का नाही वाटलं बरं? याचं उत्तर माझ्याकडे नाही. इथे हॉर्नने दचकून जाग येते. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू झाला की धाकटा कानांवर हात ठेवून पलंगाखाली जातो. आजींकडे मूल आहे म्हणून मिळालेल्या वेळात मी मोबाईल बघते, आणि त्यानंतर बरं वाटत नाही.

2023 च्या एप्रिलमध्ये टेकडी वाचवायला मोर्चा निघाला तेव्हा मी सातव्या महिन्याचं पोट घेऊन चालले होते. एक मैत्रीण हे अजून काढते, तेव्हा टेकडीसाठी ओरडत होतीस ना? होते, उद्याही ओरडेन. टेकडी हवीच. टेकडी असली म्हणजे आईला दुसरं काही लागत नाही, एवढंच मला कबूल नाही. ती फोडून रस्ता काढणाऱ्यांनी माझ्या या तक्रारीचा आधार घेऊ नये.

ते घर विकलेलं नाही, भाड्याने दिलंय. करार जूनमध्ये संपतो. नवरा म्हणतो, मुलं आता मोठी झाली, परत जाऊ. मी म्हटलं, जाऊ की, दुपारी एक ते चार तू घरून काम करणार असशील तर. विचारून सांगतो म्हणाला. कोणाला विचारतोय कोण जाणे, तीन आठवडे झाले.