खांद्यावरची गाठ

माझ्या कपाटात एक साडी आहे. लाल-पांढऱ्या चौकड्यांची, जाड सुताची. मला बायको नाही, होणारही नाही. आईला ती साडी जड वाटते. "मग ही कोणाची?" कामाला येणाऱ्या मावशींनी एकदा विचारलं. "माझीच," म्हटलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, घडी मोडून पुन्हा नीट घातली आणि शर्टांच्या शेजारी ठेवून दिली.

हे गोव्यातलं कुणबी कापड. माझं आजोळ केप्याचं. तिथल्या बाजारात भाजी विकायला बसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या अंगावर मी ते पहिल्यांदा पाहिलं. गुडघ्याशी संपणारं, खांद्यावर घट्ट गाठ. त्या गाठीला देठली म्हणतात. पदर सावरत भातलावणी होत नाही, चिखलात दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून गाठ. सात वर्षांचा असताना मी आजोबांचा पंचा अंगाला गुंडाळून तशीच गाठ मारली आणि पडवीत मिरवलो. आजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मामा मात्र हसला नाही. "सोड ते," एवढंच म्हणाला. मी सोडलं.

पुढे कळलं की चूक माझी नव्हती, निदान मराठीच्या मते तरी नव्हती. आपण सदरा घालतो, शाल पांघरतो, साडी नेसतो. आणि धोतरही नेसतोच. 'नेसणं' या क्रियापदाला बाई-पुरुष कळत नाही. न शिवलेल्या कापडालाही कळत नाही. ही भानगड सुरू होते ती कात्री लागल्यावर, बटणं डावीकडे की उजवीकडे ते ठरवायला लागल्यावर.

फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सला हे नेमकं कळलं असावं. मुंबईत वाढलेला हा गोंयकार मस्कतला नोकरी करून लॉस एंजेलिस आणि पॅरिसला फॅशन शिकला, आणि सगळं शिकून गोव्यातल्या कोलवाळला येऊन राहिला. पॅरिसला शिकलेल्या माणसानं झगमगाट करावा, तर याचे कपडे कमीत कमी शिवणीचे, पांढरे, वाऱ्याला वाट देणारे. २०१०च्या सुमारास त्यानं हेच कुणबी कापड, लांबी वाढवून, दिल्लीच्या रॅम्पवर आणलं. एक खंत आहे: रॅम्पवर टाळ्या पडत होत्या तेव्हा ज्यांचं ते कापड, त्या बायका केव्हाच नायलॉनच्या पाचवारीवर गेल्या होत्या. पण माग पुन्हा हलले, हेही खरंच.

गोव्यात कपडा कधीच नुसता कपडा नव्हता. १७३६ साली इन्क्विझिशननं, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयानं, फर्मान काढलं: स्थानिक ख्रिस्ती पुरुषांनी पुडवें नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये. धोतराला आणि चोळीला घाबरणारी सत्ता! आणि त्याच गोव्यात ख्रिस्ती बायका मांडो नाचताना पानो भाजू घालत, त्यात कमरेला पूर्वेकडच्या सारोंगसारखं वस्त्र. कोणाचं काय, कोण वेगळं करणार? हा सगळा गुंता मांडायला रॉड्रिक्सनं कोलवाळचं आपलं जुनं घरच वस्त्रसंग्रहालयासाठी दिलं आणि स्वतः जोडीदारासह जवळच्याच लहान घरात राहायला गेला.

जोडीदार म्हणजे जेरोम मारेल, फ्रेंच. २००२ मध्ये गोव्यातच दोघांनी नातं नोंदवलं, पण फ्रान्सच्या कायद्याखाली. आपल्याकडे तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ होतं. ते कायमचं सैल व्हायला २०१८ उजाडलं. लग्नाची गाठ बांधायची तर गाठ परक्या देशाची, अंगण आपलं. रॉड्रिक्स २०२० मध्ये गेला. मी त्याला कधी भेटलो नाही. पण उघडपणे तसा असलेला आणि आमच्या बाजारातलं कापड हातात धरून उभा असलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो छापील फोटोत, तोच. साडी त्यानंतरच्या पहिल्या पगारातली.

गेल्या मे महिन्यात वीज गेली होती. उकाड्यानं बनियनही नकोसा झाला, तेव्हा ती साडी काढली, कमरेला गुंडाळली, उरलेलं पाठीवरून आणून खांद्यावर गाठ मारली. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. उचलला. तिनं चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलं.

"गाठ फार खाली आलीय," म्हणाली. "वर घे जरा, सुटेल."