सीझेड कॅडेट किट: शिशाचा थर आणि गोळीची निवड

माझ्या सीझेड ७५ या नऊ एमएम पिस्तुलावर हल्ली छोट्या .२२ गोळ्या चालवणारं कॅडेटचं किटच चढवलेलं असतं. नऊ एमएमच्या गोळ्यांचे भाव बघता ते उतरवावंसंही वाटत नाही. ज्यांनी हे किट हाताळलं नसेल त्यांच्यासाठी: यात अख्खी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे येत नाही. पुढचा भाग आणि बॅरल जागेवर पक्के, हलतो तो फक्त मागचा ब्रीचब्लॉक, म्हणजे काडतुसाला मागून टेकलेला ठोकळा. निव्वळ ब्लोबॅक (हा ठोकळा फक्त वायूच्या दाबाने मागे ढकलला जातो) असल्यामुळे धूर आणि काजळी थेट मागे येते, म्हणजे घाण होणारच. त्यातलं शिसं किती, एवढंच मला शोधायचं होतं.

.२२ च्या बुलेटचा व्यास केसच्या (काडतुसाच्या पितळी नळीच्या) बाहेरच्या व्यासाइतकाच असतो, त्यामुळे तिच्यावरचं मेणासारखं वंगण उघड्यावरच राहतं. इथे टेक्सासच्या उन्हात डबा गाडीत राहिला की ते बोटांना लागतं. चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढे जे काळं कडं दिसतं ते बहुतेक याच मेणाचं आणि काजळीचं. सॉल्व्हंट लावून थोडं थांबलं की कापडाच्या पॅचवर उतरतं. शिसं असं उतरत नाही. ते करड्या, चमकत्या रेघांनी चिकटून बसतं. जुन्या ब्राँझ ब्रशला तांब्याच्या घासणीचे तंतू गुंडाळून फिरवले की त्याचे चंदेरी कपचे निघतात. घासणीला आधी चुंबक लावून बघा. चिकटली तर आत लोखंड आहे, बॅरलच्या जवळही नेऊ नका. आणि शिसं काढायचा व्हिनेगर-पेरॉक्साइडचा तो प्रसिद्ध उपाय मी करत नाही, कारण त्यातून विषारी लेड ॲसिटेट तयार होतं.

आता गोळ्या. सर्वात जास्त रेघा दिल्या त्या एका स्वस्त बल्क डब्याने: मुलामा नसलेलं शिसं आणि वेग मात्र हाय व्हेलॉसिटीचा. सीसीआय स्टँडर्ड व्हेलॉसिटी (वजन ४० ग्रेन, वेग सेकंदाला १०७० फूट) हेही उघडंच शिसं, पण बॅरल बरीच स्वच्छ राहते. फीड रॅम्पवर (गोळी चेंबरमध्ये सरकते त्या उतारावर) मात्र मेण आणि शिशाचा कीस साठतो. सीसीआयचीच मिनी-मॅग (४० ग्रेन, १२३५ फूट) तांब्याचा मुलामा दिलेली. रॅम्प कोरडा राहतो, पण माझ्या हातात ग्रुप (कागदावरच्या छिद्रांचा पुंजका) पसरतो. शिवाय हा मुलामा म्हणजे जॅकेट (धातूचं जाड आवरण) नव्हे, कांद्याच्या सालीएवढा पातळ असतो.

पॉलिमरचा लेप असलेली लाल क्लीन-२२ या सगळ्यांत उजवी ठरली. ब्रशवर कपचे जवळजवळ नाहीतच. ब्रीचवरची काजळी मात्र तेवढीच, कारण ती दारू आणि ती पेटवणाऱ्या प्रायमरची. नाव ‘क्लीन’ असलं तरी ब्रश सुटत नाही.

पुण्या-कोल्हापुरात २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल खेळणाऱ्यांना यातला बराचसा खल लागूच होत नाही. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमानुसार बुलेट शिशाचीच किंवा तशाच मऊ पदार्थाची लागते, आणि त्यांची स्टँडर्ड व्हेलॉसिटी मुळात संथ.

सध्या ठरवलंय ते असं: कागदावर ग्रुप बघायचा असेल तेव्हा स्टँडर्ड व्हेलॉसिटी, नुसता सराव असेल तेव्हा क्लीन-२२. गोळी कुठलीही असो, नेहमीच्या प्रायमरमध्ये शिसं असतंच, म्हणून रेंजवरून निघताना साबणाने हात धुणं चालूच. पुढच्या वेळी बोअरस्कोप (बॅरलच्या आत बघायची दुर्बीण) लावून थ्रोट, म्हणजे चेंबरच्या लगेच पुढचा भाग, बघणार आहे. रेघा दर वेळी एकाच बाजूला दिसतात, तिथे यंत्रकामाचा खरखरीतपणा राहिला असावा असा संशय आहे.