राणीचं झोपेत गळणं आणि आमचा पावसाळा : माझा अनुभव

आमची कुत्री राणी, लॅब्रॅडॉर मिक्स, वय ९, वजन २२ किलोच्या आसपास. स्पे ऑपरेशन, म्हणजे पिल्लं होऊ नयेत म्हणून बीजकोश-गर्भाशय काढतात ते, लहानपणीच झालंय. घरात शू करणं तिला माहीतच नाही, बाहेर जायचं असलं की दाराला पंजा मारून सांगते. तर मागच्या पावसाळ्याच्या तोंडाला ती झोपून उठली की खाली ओलं दिसायला लागलं. कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं आमचं घर जुनं, वाटलं कौलं गळतायत. मग वास आला.

सासूबाई लगेच म्हणाल्या, "लाडावून ठेवलीय, मुद्दाम करतीय." पण ती बसून करत नव्हती हो, गाढ झोपेत आपोआप झिरपायचं आणि जाग आली की स्वतःच त्या ओल्याकडं बघून कान पाडून लांब जाऊन बसायची. लई वाईट वाटायचं. कुणाकडं असं होत असेल तर आधी हेच बघा, जागेपणी बसून करतंय का झोपेत गळतंय, आणि जमलं तर व्हिडिओ काढा, आमच्या डॉक्टरांना तोंडी सांगण्यापेक्षा त्याचाच जास्त उपयोग झाला.

डॉक्टरांनी लगेच गोळी दिली नाही. दिवसभरात पाणी किती पिते ते मोजायला सांगितलं, किलोमागं १०० मिलीच्या वर जात असेल तर डायबेटिस, किडनी, कुशिंग (हार्मोनचा एक आजार) असलं काहीतरी शोधावं लागतं म्हणे. म्हणजे राणीसाठी २.२ लिटर, तिचं सव्वा लिटरच्या आतच निघालं. लघवीचं सॅम्पल घेणं मात्र महाकठीण! सकाळची पहिली पाहिजे, म्हणून धुतलेली पळी घेऊन मी तिच्या मागं रंकाळा तलावाच्या कडेनं, आणि ती पळी दिसली की बसायचीच नाही, फिरायला आलेली मंडळी थांबून बघायला लागली. शेवटी मिळालं एकदाचं. इन्फेक्शन नाही, साखर नाही, सोनोग्राफीत मुतखडे पण नाहीत.

मग निदान झालं की मूत्रमार्गाचा स्नायू सैल पडलाय, नळाचा वॉशर झिजावा तसा. स्पे झाल्यावर इस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन कमी होतं, त्यानं ही पकड ढिली होऊ शकते, कधी काही महिन्यांत तर कधी बऱ्याच वर्षांनी, आणि मोठ्या अंगाच्या माद्यांमध्ये जास्त. हे ऐकून सासूबाईंना जोरच आला, "बघ, मी म्हणत होतो ऑपरेशन नको." पण ऑपरेशन न केलेल्या मादीला वय झाल्यावर गर्भाशयात पू होऊ शकतो, पायोमेट्रा म्हणतात त्याला, त्यात जीवपण जाऊ शकतो. गळण्यावर औषध तरी आहे.

औषधं मुख्य दोन. एक फिनाइलप्रोपॅनोलामाइन, ते पूर्वी माणसांच्या सर्दीच्या गोळ्यांत असायचं आणि २००० साली अमेरिकेत स्ट्रोकच्या धोक्यामुळं माणसांसाठी काढायला लावलं. हे वाचून आमच्या दिराचं सुरू, मग मेडिकलमधून सर्दीची गोळीच आणू की. अजिबात नाही! त्यात पॅरासिटामॉल आणि आणखी काय काय असतं, कुत्र्याला ते विषारी पडू शकतं. राणीचं बीपी थोडं जास्त होतं म्हणून डॉक्टरांनी दुसरं, इस्ट्रिऑल दिलं, ते इस्ट्रोजेनच्याच जातीचं हार्मोन. रोज एक गोळी, फरक पडला की कमी करत करत जेवढ्यात भागतं तेवढ्यावर आणायची.

पहिल्या आठवड्यातच अंथरूण कोरडं निघायला लागलं, पण गल्लीतले नर गेटपाशी गोळा! राणी पार बावरली. डॉक्टर हसले, म्हणाले हार्मोनमुळं होतं असं, शूची जागा पण थोडी सुजते. डोस उतरवल्यावर गर्दी हटली.

औषध लागू पडेपर्यंतचं घरातलं सांगते, कारण खरा वैताग तोच. पाणी कमी करू नका, कुणी कितीपण सांगू दे. रात्री झोपायच्या आधी एक चक्कर पक्की ठेवा. खाली मेणकापड, त्यावर वाकळ. पण आमच्या पावसात वाकळ चार-चार दिवस वाळत नाही, म्हणून जुन्या साड्यांच्या पातळ घड्या घातल्या, त्या पंख्याखाली रात्रीत वाळतात. साड्या सासूबाईंनीच काढून दिल्या, बडबडत का होईना. फिनेल बंद केलं, पंजाला लागून ती चाटते आणि ते बाधतं. एन्झाइमवालं क्लीनर महाग आहे पण वास खरंच जातो. मांडीच्या आतले केस कापून कोमट पाण्यानं पुसून कोरडं करायचं, नाहीतर कातडी लाल होते. बाळाचं रॅशचं क्रीम लावू नका, त्यात झिंक ऑक्साइड असतं आणि ते चाटणारच. डायपर आम्ही फक्त पाहुणे आले की घालायचो, तासन्‌तास ओलं राहिलं तर इन्फेक्शनला आमंत्रणच.

सध्या दोन दिवसांआड गोळी चालू आहे. थंडीत कधीतरी रुपयाएवढा डाग दिसतो, तेवढ्यासाठी डोस वाढवायचा नाही असं ठरलंय. लघवी मात्र अधूनमधून तपासून घेतो, कारण गळतं तिथं इन्फेक्शन लवकर शिरतं. पळी आता वेगळी ठेवलीय, नाहीतर सासूबाई घरात घेणार नाहीत, मला.