अकरा नंबरची जागा

नागपूरला गेले की गांधीसागरच्या बाजूला एक चक्कर होतेच, आणि दर वेळी चीड येते. 1 जानेवारी 1877 ला, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी इथं कापड गिरणी सुरू केली. म्हणून ती एम्प्रेस मिल. जुम्मा तलावाकाठची, म्हणजे आजच्या गांधीसागरकाठची, दलदलीची जागा, त्यात आधी भराव घालायचा. एका मारवाडी सावकाराने पैसे द्यायला नकार दिला होता, असल्या खड्ड्यात कोण सोनं ओतणार म्हणून. पुढे त्यानेच कबूल केलं, टाटांनी सोनं नाही ओतलं, माती ओतली आणि सोनं काढलं. कापूस आजूबाजूला पिकत होता, वरोऱ्याचा कोळसा हाताशी होता, रेल्वे 1867 मध्येच पोचली होती. मुंबई सोडून गिरणी इथं काढण्यामागे हा हिशोब होता. आज त्या जागेवर एम्प्रेस मॉल आहे. गिरणीचं नाव मॉलने घेतलं. सरकत्या जिन्यावरून वर जाणाऱ्या पोरांना खाली काय होतं ते कळायला काही मार्ग मला तरी दिसला नाही. गिरणीचे मॅनेजर बेझनजी मेहता यांच्या नावाची बेझनबाग मात्र अजून आहे.

तर्री पोहे, संत्री, मामेबहिणीकडचं लग्न, हे सगळं झालं आणि छान झालं. त्याबद्दल वेगळं काही लिहिण्यासारखं नाही. लिहायचं आहे ते कळमन्याच्या पुढे, रस्त्यापासून थोडं आत असलेल्या एका बंद जिनाबद्दल. नाव देत नाही. मालकांचं भांडण कोर्टात आहे आणि आत सोडणाऱ्या माणसाची नोकरी मला घालवायची नाही. मामेभावाच्या ओळखीने रीतसर विचारून, दिवसाउजेडी आत गेलो.

जीन म्हणजे जिथं कापसातून सरकी वेगळी करतात ती जागा. शेतातून येतो तो कापूस, सरकी काढल्यावर उरते ती रुई, आणि रुई दाबून बांधली की गाठ. वजनाने कापसाचा साधारण तिसरा हिस्साच रुई निघते. म्हणजे 170 किलोची एक गाठ बांधायची तर पाच क्विंटल कापूस लागतो. गेलो तो महिना डिसेंबरचा, ऐन हंगामाचा. कळमन्याच्या रस्त्यावर मालाच्या गाड्या होत्या, आणि आत मात्र पारवे सोडले तर कशाचाच आवाज नव्हता.

आमच्या आधी चार-पाच जणांचा एक घोळका आत होता. लग्नाआधीचं फोटोशूट. मुलगी लाल घागऱ्यात रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, बसलेली आणि फोटोग्राफर धुराच्या कांड्या पेटवत होता. कोपऱ्याकोपऱ्यात जुनी रुई साचलेली, तिथं हा माणूस काडी ओढतो! चौकीदार काकांनी त्यांना बाहेर काढलं तेव्हा तो उलट त्यांनाच म्हणाला, "पडक्या जागेत काय जळणार आहे?" मला याचा राग अजून गेलेला नाही. बंद कारखान्यांत हिंडण्याची हौस मलाही आहे, फोटो मीही काढते. पण ज्या यंत्रावर बसून फोटो काढायचा ते कशाचं आहे, एवढं तरी विचारावं ना.

रेच्यांची रांग एका उंच ओट्यावर. मधोमध चालायला वाट, दोन्ही बाजूंना यंत्रं, आणि जमिनीखाली लांबच लांब लाइन शाफ्ट. एका मोटरवर तो शाफ्ट फिरायचा आणि पट्ट्यांनी सगळे रेचे चालायचे. काका इथंच फिटर होते. त्यांनी एका रेच्याचं झाकण उचलून आतला चामड्याचा रोल दाखवला. चामड्याच्या गोल चकत्या दांड्यावर घट्ट दाबून बसवलेल्या, त्यावर तिरक्या खाचा. रुईचे तंतू चामड्याला चिकटतात आणि ओढले जातात, समोरची पाती त्यांना धरून ठेवते, हलती पाती सरकीवर ठोके देते, सरकी सुटून खाली पडते. खाचा झिजल्या की रोल काढून परत पाडायच्या. काकांनी रोलवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अजून दोन हंगाम चालला असता हा."

तेवढ्यात काकांची बायको डबा घेऊन आली. आवारातच राहतात दोघं. मी सहज विचारलं, "मावशी, तुम्हीपण इथंच होता का कामाला?"

"हाव ना. अकरा नंबरवर होती मी."

आणि त्या सरळ चालत अकरा नंबरच्या रेच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. आकडे मोजले नाहीत, पाटी बघितली नाही (पाट्या गंजून गेल्यात). डबा खाली ठेवला, पदर तोंडावरून घेऊन मागे खोचला आणि हात सुरू झाले. डाव्या हाताने ढिगातून कापूस ओढायचा, उजव्याने सारखा पसरत रोलसमोर सोडायचा. एके ठिकाणी जास्त पडला की रेचा अडतो, कमी पडला की रोल रिकामा घासतो. समोर कापूस नाही, रेचा बंद, आणि त्यांचे हात त्या चालीत चालूच. बोटं मध्येच काहीतरी उचलून बाजूला टाकत होती. मी विचारलं हे काय. "कचरा. पाला, सुतळी, केस. हे निवडाच लागे."

मी फोन खिशात ठेवला. तो फोटो काढायचा नव्हता.

मग त्यांनी वर बोट दाखवलं. रेच्याच्या मागच्या तुळईवर दोराच्या घर्षणाने पडलेली एक गुळगुळीत खाच होती, बोटभर खोल. "इथी झोळी राहे. थोरला इथीच झोपे." यंत्रांच्या त्या गदारोळात, रुईचे तंतू हवेत तरंगत असताना, लेकरू झोळीत. मी तुळया बघत पुढे गेले. तशा खाचा आणखीही होत्या, रेच्यांच्या मागे, ओळीने.

"छातीचा त्रास?"

"सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी जास्त. मंग सवय होऊन जाये."

ही सवय नव्हे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात, आणि सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं ही त्याची जगभर माहीत असलेली खूण आहे. मावशींना ते कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं आणि त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मेडिकल कॉलेजात दाखवून या म्हटलं तर काका म्हणाले, नेतो.

जीन बंद का पडलं, हे काकांनी एका वाक्यात सांगितलं. "सबशिडी ज्यायले भेटली त्यायनं नवं बसवलं, आमचा मालक भांडत राह्यला." 2000 मध्ये केंद्राने कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू केलं, त्यातून जुन्या जिनांना आधुनिक करायला अनुदान मिळालं. हाताने कापूस घालण्याऐवजी पट्ट्यांवरून, नळ्यांतून आपोआप जायला लागला. रुई स्वच्छ निघाली, धूळ कमी झाली, आणि रेच्यामागे उभ्या राहणाऱ्या बायका लागेनाशा झाल्या. यातलं एकही पाऊल चुकीचं होतं असं मी म्हणू शकत नाही. पण त्या बायकांसाठी त्या अनुदानात काय होतं, हे विचारायला हवं होतं आणि अजूनही विचारायला हवं. मावशी आता दोन घरी स्वयंपाक करतात.

पाला हाऊस (दाबण्याआधी रुई साठवायची खोली), गाठी दाबायचा प्रेस, ऑफिसची खोली, तेही पाहिलं. प्रेसचे लोखंडी भाग भंगारात गेलेत, खड्ड्यात पाणी साचलंय. रेच्यांचाही नंबर लागणार, भंगारवाला दोनदा वजन करून गेलाय म्हणे. माझं एकच मागणं आहे. नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, 1863 पासूनचं संग्रहालय, अजब बंगला आहे. यातल्या कुणीतरी एक रेचा, त्याच्यामागचा ओटा आणि खाच पडलेली ती तुळई उचलून न्यावी. तुळईसकट न्यावी, नुसतं यंत्र नको. दोन्हीकडे पत्र लिहिलंय, उत्तर आलं की इथंच सांगेन.

मावशींचं बोलणं नीट रेकॉर्ड करायचं ठरलंय. त्या म्हणाल्या, रविवारी चारनंतर या, त्याआधी लोकांच्या घरचा स्वयंपाक असतो, आणि पाच नंबरवाली शांताबाईची सूनपण जवळच राहते, तिलेही बोलावून ठेवतो.