रेघेबाहेरचा गोया

माद्रिदमध्ये प्रिन्सिपे पिओ मेट्रो स्टेशनवरून थोडं चालत गेलं की जुळ्या भावंडांसारखी दोन चॅपेलं दिसतात. आम्ही अर्थातच चुकीच्या दारात शिरलो. आत स्पॅनिश चित्रकार गोयाच्या चित्रांचा पत्ताच नव्हता! ही १९२८ सालची प्रतिकृती. चित्रं मेणबत्त्यांच्या धुराने काळवंडू नयेत म्हणून पूजाअर्चा इकडे हलवलेली.

मूळचं सान आंतोनिओ दे ला फ्लोरिदा चौथ्या कार्लोस राजाने बांधून घेतलं आणि १७९८ मध्ये त्याच्या दरबारी चित्रकाराने, गोयाने, ते रंगवलं. बायको गोव्यातल्या शिवोलीची. संताचं नाव ऐकताच म्हणाली, "हा तर आमचा सांत आंतोन! किल्ली हरवली की आमची आजी याचाच धावा करायची."

घुमटात संताचा चमत्कार आहे. बापावर खुनाचा आळ आला, तेव्हा आंतोनने मेलेल्या माणसालाच उठवून साक्ष द्यायला लावली. कथा लिस्बनची, पण गोयाने गर्दी आपल्या माद्रिदची जमवली आहे. घुमटाला गोल कठडा रंगवलाय आणि त्याच्या आत सगळे उभे. एक पोरगं कठड्यावर चढलंय. अर्ध्या लोकांचं चमत्काराकडे लक्षही नाही. जत्रेत असंच असतं.

मला मात्र बघायची होती ती चित्राआधीची तयारी. गोयाने आधी तैलरंगात छोटे कच्चे आराखडे केले होते. त्यातले काही खासगी संग्रहांत आहेत, म्हणजे आपल्याला बंदच. पण दुसरी तयारी इथे भिंतीवरच आहे. फ्रेस्कोत, म्हणजे अशा भित्तिचित्रात, गिलावा ओला असेतोवर रंगवावं लागतं, म्हणून त्या दिवशी जेवढं उरकेल तेवढाच भाग लिंपायचा. त्यावर अणकुचीदार हत्याराने आकृतीची कड दाबून कोरायची आणि मग घाईघाईने रंग.

पक्षी बघायची दुर्बीण लावली. कमानीखालच्या एका देवदूताच्या (दिसायला चांगली ठसठशीत बाईच) झग्यापाशी खोल रेघ दिसली. रंग मात्र ती ओलांडून खुशाल पलीकडे गेलेला. इंटरमिजिएटच्या परीक्षेआधी आमचे चित्रकलेचे सर रेघेबाहेर रंग गेला की पट्टीने बोटं शेकायचे. आणि हा गृहस्थ स्वतःच काढलेली रेघ जुमानत नाही! त्याच्या सामानाच्या बिलात रंग लावायचे स्पंजही आहेत. बग्गीचं १२० दिवसांचं भाडंही त्याने लावलंय. एवढा घुमट चार महिन्यांत संपवायचा म्हणजे रेघेत कोण बसणार?

मान अवघडली. वेदीसमोरच्या फरशीत गोयाचं थडगं आहे, १९१९ मध्ये त्याच्या अस्थी इथे आणल्या. तो वारला फ्रान्समधल्या बोर्दोत; तिथली कबर उघडली तेव्हा कवटी गायब होती, ती आजतागायत सापडलेली नाही.

बायकोने वर सांत आंतोनकडे बघितलं. "याला कुणी सांगितलं नाही वाटतं?"